‘आइनस्टाइन बरोबर’ म्हणजे किती बरोबर?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर गुरुत्वाकर्षणाच्या बातम्या अधूनमधून येतात आणि मी त्या आवर्जून वाचते. मथळ्यांचे साचे दोनच: ‘आइनस्टाइन पुन्हा एकदा बरोबर’ नाहीतर ‘आइनस्टाइनच्या सिद्धांताला हादरा’. मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, भौतिकशास्त्र हा माझा विषय नाही. पण विश्वाच्या पातळीवर गुरुत्वाकर्षण तपासायचं म्हटलं की त्यातलं मोठं काम संख्याशास्त्राचंच असतं, आणि नेमकं तेच बातमीतून गळतं. पत्र लांबलं तर काटछाट जरूर करा, पण आकडे तेवढे ठेवा.

अलीकडचंच उदाहरण घेते. ॲरिझोनात किट पीकवरच्या दुर्बिणीला ‘डेसी’ नावाचं उपकरण जोडलेलं आहे. ५,००० प्रकाशतंतूंनी ते एका वेळी हजारो दीर्घिकांचा वर्णपट घेतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेसीच्या गटाने पहिल्या वर्षाच्या निरीक्षणांवरून सामान्य सापेक्षता तपासली. त्यांनी दोन संख्या मोजल्या. पहिली, म्यू-शून्य, सांगते की दीर्घिकांना एकमेकींकडे ओढणारं आकर्षण आइनस्टाइनच्या हिशेबापेक्षा आज किती कमीजास्त आहे. दुसरी हेच प्रकाश वळण्याच्या बाबतीत सांगते. आइनस्टाइन बरोबर असतील तर दोन्ही शून्य यायला हव्यात. डेसीची मापं, विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाची (विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या क्षीण प्रकाशाची) मापं आणि गुरुत्वीय भिंगांची (वाटेतल्या द्रव्यामुळे दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वळण्याची) मापं एकत्र केल्यावर दोन्ही संख्या शून्याच्या जवळ आल्या. जगभर मथळे झाले आणि ते खोटे नव्हते.

आता त्या संख्यांच्या शेजारी छापलेली चूक, म्हणजे मापातली अनिश्चितता, पाहा. प्रकाशाच्या संख्येला ती सुमारे ०.०४५ आहे. म्यू-शून्यला ०.२२. म्हणजे दीर्घिकांच्या ओढीबद्दल आपण आज एवढंच म्हणू शकतो की ती आइनस्टाइनच्या अंदाजापासून साधारण वीस-बावीस टक्क्यांच्या आत असावी, आणि तेही एका सिग्माच्या भरवशावर (सिग्मा म्हणजे एक प्रमाण विचलन; साधारण तीनात दोन मापं एका सिग्माच्या आत पडतात). दोन सिग्मा मागितले तर पल्ला चव्वेचाळीस टक्क्यांवर जातो. सूर्यमालेत चित्र फार वेगळं आहे. कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत आइनस्टाइन एका लाखात दोन-तीन भाग इतक्या बारकाईने खरे ठरले आहेत. एकच सिद्धांत, पण एका ठिकाणी चूक लाखात दोन-तीन भागांची, तर दुसऱ्या ठिकाणी पाचातल्या एका भागाची. ‘पुन्हा बरोबर’ हे दोन शब्द या दोन्ही निकालांना सारखेच लागू पडतात, म्हणून वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

हा बावीस टक्क्यांचा आकडा मला का खुपतो, तर ज्या पर्यायी सिद्धांतांना हरवलं म्हणायचं ते नेमके याच पट्ट्यात वावरतात. आइनस्टाइनची समीकरणं थोडी बदलणाऱ्या ‘एफ ऑफ आर’ या कुळातल्या सिद्धांतांमध्ये गुरुत्वाकर्षण जास्तीत जास्त एक-तृतीयांशाने वाढू शकतं, त्याहून जास्त नाही. म्हणजे तेहतीस टक्के. बावीसची चूक असताना तेहतीसची वाढ म्हणजे दीड सिग्मा. (ही तुलना ढोबळ आहे, कारण त्या सिद्धांतांत वाढ अंतरानुसार बदलते आणि म्यू-शून्य हा तो बदल धरत नाही. त्यांची वेगळी, जास्त कडक तपासणी दीर्घिकासमूहांच्या मोजणीवरून होते.) दीड सिग्मावर मी परीक्षेत कुठल्याही विद्यार्थ्याला गृहीतक फेटाळू दिलं नसतं.

काही पर्याय मात्र संख्याशास्त्राची फारशी मदत न घेताच संपले, हेही सांगायला हवं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. प्रवास सुमारे तेरा कोटी वर्षांचा, आणि फरक दोन सेकंदांहूनही कमी. दोन्ही वेगांत फरक असलाच तर तो एकावर पंधरा शून्यं एवढ्या भागांतला जेमतेम काही भागांचा. ज्या सिद्धांतांत गुरुत्वीय लहरी प्रकाशापेक्षा वेगळ्या वेगाने धावतात, त्यांची मोठी रांग त्या दिवशी निकालात निघाली. पण एफ ऑफ आरमध्ये लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, त्यामुळे तो वाचला. जे वाचले त्यांच्यासाठी संथ, कंटाळवाणी आकडेमोड करावीच लागते, आणि माझं म्हणणं त्या आकडेमोडीबद्दल आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करते, कारण ती मी वर्गात वर्षानुवर्षं वापरली. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळ ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो ते मोजलं गेलं. आइनस्टाइनचा अंदाज १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), न्यूटनच्या हिशेबाने निम्मा, ०.८७. ब्राझीलमधल्या सोब्रालच्या छोट्या दुर्बिणीने १.९८ दिलं, चूक ०.१२. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर ढगांमुळे छायाचित्रांच्या दोनच काचेच्या प्लेटा कामाच्या निघाल्या. त्यांवरून १.६१ आलं, चूक ०.३०. सोब्रालच्याच दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीने मात्र ०.९३ दिलं.

मी मुलांना हे तीन आकडे फळ्यावर लिहून द्यायचे आणि विचारायचे, निकाल काय? सरळ सरासरी काढणाऱ्यांना १.५१ मिळायचं, दोघांच्या मधलं. पहिल्या दोन मापांची चुकीनुसार भारित सरासरी काढणाऱ्यांना १.९३ मिळायचं, चूक ०.११. मग कुणीतरी हिशेब करायचं की न्यूटनपासून अंतर १.०६, भागिले ०.११, म्हणजे जवळजवळ साडेनऊ सिग्मा! इथे मी त्यांना थांबवायचे. त्या काळी चूक लिहिताना ‘संभाव्य त्रुटी’ लिहीत, म्हणजे निम्मी मापं ज्या पट्ट्यात पडतात तो पट्टा. तिचं प्रमाण विचलन करायला जवळजवळ दीडपट करावं लागतं. मग साडेनवाचे साडेसहा सिग्मा होतात. न्यूटन तरीही हरतात, आइनस्टाइनपासून अंतर एक सिग्माच्या आसपास राहतं, पण आता हिशेब खरा झाला.

आणि तिसरा आकडा? ०.९३ धरला तर चित्र बिघडतं, वगळला तर सुधारतं. तो वगळण्याचं कारण तेव्हाच नोंदवलेलं होतं: उन्हाने आरसा तापून दुर्बिणीचा फोकस बिघडला होता, ताऱ्यांच्या प्रतिमा पसरल्या होत्या. १९७९ मध्ये त्याच प्लेटा नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या तेव्हा त्यांतून १.५५ आलं, चूक ०.३४. म्हणजे वगळण्याचं कारण योग्य होतं. पण उत्तर पाहिल्यावर माप वगळायचं की आधी, हा प्रश्न मी प्रत्येक वर्गात उभा केला. आजही विश्वरचनाशास्त्रातला तो सगळ्यात नाजूक प्रश्न आहे.

आजचे गट त्यावर एक कडक उपाय करतात आणि तो मला मनापासून आवडतो. चिलीतल्या दुर्बिणीवरून झालेल्या ‘किड्स’ या सर्वेक्षणात दीर्घिकांच्या आकारांच्या यादीच्या तीन प्रती बनवल्या गेल्या. एक खरी, दोन मुद्दाम थोड्या बदललेल्या. कोणती खरी हे विश्लेषण करणाऱ्यांना ठाऊक नसतं. गुपित गटाबाहेरच्या व्यक्तीकडे असतं. सगळे निर्णय, कोणती मापं ठेवायची, कोणती वगळायची, कुठली दुरुस्ती करायची, तिन्ही प्रतींवर सारखेच घ्यायचे, गोठवायचे, आणि मगच पाकीट उघडायचं. १९१९ च्या प्लेटांबद्दल शंभर वर्षं जो वाद चालला तो या पद्धतीत उभाच राहत नाही.

तरीही याच किड्सची पुढची गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचायला हवी होती. विश्वातलं द्रव्य किती गुठळ्या करून बसलं आहे हे सांगणारी ‘एस-एट’ नावाची एक संख्या आहे. प्लँक उपग्रहाच्या मापांवरून ती ०.८३ च्या आसपास येते. किड्सच्या २०२० मधल्या विश्लेषणात ती ०.७५९ आली, तफावत साधारण तीन सिग्मा. गुठळ्या अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे गुरुत्वाकर्षण मोठ्या अंतरावर दुबळं पडतंय का, असा विचार साहजिकच सुरू झाला आणि सुधारित गुरुत्वाकर्षणाच्या शोधनिबंधांची रीघ लागली. मार्च २०२५ मध्ये किड्सने आपला संपूर्ण डेटा वापरून अंतिम निकाल दिला: ०.८१५. तफावत एका सिग्माच्या आत आली. नवं क्षेत्र मोजलं गेलं होतं हे खरं, पण मोठा वाटा होता दीर्घिकांची अंतरं ठरवण्याच्या पद्धतीत झालेल्या सुधारणेचा. पाकीट बंद ठेवूनही पहिला निकाल सरकला, कारण बंद पाकीट पक्षपात रोखतं, अंतराच्या मोजणीतली चूक रोखत नाही. ‘आइनस्टाइनला धक्का’ छापणाऱ्या किती जणांनी हा दुसरा आकडा छापला?

तीन सिग्माची तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता ३७० मध्ये एक, असं पुस्तकात असतं. हा हिशेब सगळ्या चुका मोजल्या गेल्या आहेत असं धरून केलेला असतो. ताऱ्यांच्या दूरदूरच्या जोड्यांचा वाद यासाठी बघण्यासारखा आहे. फार क्षीण ओढीच्या ठिकाणी न्यूटनचे नियम बदलतात, हा मिलग्रोम यांचा १९८३ चा प्रस्ताव तपासायला ताऱ्यांची स्थानं आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीतल्या जोड्या वापरल्या गेल्या. २०२३ मध्ये एका संशोधकाने न्यूटनविरुद्ध दहा सिग्माचा कौल दिला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याच यादीवरून न्यूटनच्या बाजूने, दहाहूनही बऱ्याच जास्त सिग्मांनी. दोघेही बरोबर असणं शक्य नाही. भांडण आहे ते जोडीत लपलेल्या तिसऱ्या ताऱ्याचं काय करायचं आणि कोणत्या जोड्या निवडायच्या यावर. आकाश तेच, यादी तीच, आणि सिग्माचे डोंगर एकमेकांसमोर उभे.

आता कोव्हेरियन्सबद्दल, म्हणजे मापांच्या परस्परसंबंधाबद्दल, कारण सगळा हिशेब तिथे अडतो आणि त्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. आकाशातून मिळणारी शंभर मापं ही शंभर स्वतंत्र मापं नसतात. त्याच दीर्घिका, तेच आकाश, त्यामुळे एक माप वर गेलं की शेजारचंही जातं. एकाच वहीतून उतरवलेल्या शंभर उत्तरपत्रिकांना शंभर मतं म्हणता येत नाहीत, तसंच हे. हे परस्परसंबंध धरून सिद्धांत आणि निरीक्षण यांच्यातलं अंतर कसं मोजायचं, ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये दाखवलं. आज जगातला प्रत्येक विश्वरचनाशास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणाची परीक्षा घेताना जो काय-स्क्वेअर (सिद्धांत आणि मापं यांच्यातल्या तफावतीचा एकत्रित आकडा) काढतो, तो महालनोबिस अंतराचा वर्गच असतो. पुढच्या दुर्बिणी किती बारकाईने मोजू शकतील याचे अंदाजही सी. आर. राव यांच्या १९४५ च्या निबंधातल्या मर्यादेवर (चूक कमीत कमी किती राहणारच, हे ती सांगते) उभे असतात. महालनोबिसांनी कवट्यांच्या मोजमापासाठी घडवलेलं साधन दीर्घिकांना लागू पडतं, याचा आनंद मला वर्गात कधी लपवता आला नाही.

अडचण अशी की परस्परसंबंध ठरवायला पुष्कळ विश्वं हवीत आणि आपल्याकडे एकच आहे. म्हणून संगणकावर कृत्रिम विश्वं बनवतात. समजा मापं १०० आणि कृत्रिम विश्वं ५००. तेवढ्यांवरून काढलेली परस्परसंबंधांच्या तक्त्याची व्यस्त मॅट्रिक्स, जी काय-स्क्वेअरच्या हिशेबात लागते, जास्त मोठी येते. तिला (५०० − १०० − २) भागिले ४९९, म्हणजे ०.८० ने गुणावं लागतं. विश्वं १५० च असतील तर तो गुणक ०.३२ होतो. ही दुरुस्ती विसरलं तर काय-स्क्वेअर तिपटीहून जास्त फुगतो, आणि दोन सिग्माची किरकोळ तफावत साडेतीन सिग्माची होऊन मथळ्यात जाऊन बसते. शिवाय ती कृत्रिम विश्वं बहुतेक वेळा आइनस्टाइनचेच नियम धरून बनवलेली असतात, कारण पर्यायी सिद्धांताचं एक विश्व बनवायला संगणकाला कितीतरी जास्त वेळ लागतो. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच घरचा तराजू वापरला जातो. त्याने निकाल किती हलतो हे तपासणारे गट आहेत, पण ते तपासलंय की नाही हे बातमीत यायला हवं.

शेवटची गोष्ट बेझच्या पद्धतीची, म्हणजे आधीचं गृहीत आणि नवा पुरावा एकत्र तोलण्याच्या रीतीची. पर्यायी सिद्धांतात एक जादा संख्या असते, आणि जादा संख्या मिळाली की कोणताही सिद्धांत निरीक्षणाशी थोडा जास्त जुळतोच. त्या सवलतीची किंमत वसूल करायला आधीच ठरवावं लागतं की ती संख्या कुठपासून कुठपर्यंत असू शकते. म्यू-शून्य उणे ३ ते अधिक ३ मध्ये कुठेही असू शकतो असं धरा, चूक ०.२२. मोजणी शून्यापासून दोन सिग्मावर पडली, तर नेहमीच्या पद्धतीने बावीसात एक, म्हणजे ‘संशयास्पद’. बेझच्या पद्धतीने मात्र पारडं अजून आइनस्टाइनच्याच बाजूला झुकलेलं, दीडास एक. तीन सिग्मावर पडली तर ३७० चा गाजावाजा होईल, पण खरं प्रमाण आइनस्टाइनविरुद्ध आठास एक. पट्टा उणे १ ते अधिक १ असा आखडला तर तेवीसास एक. निरीक्षण तेच, निकाल आठचे तेवीस. काहीजण म्हणतील, मग ही पद्धत मनमानीच झाली. मला तसं वाटत नाही. मनमानी दोन्हीकडे आहे, इथे ती कागदावर लिहावी लागते आणि कुणालाही ती बदलून पाहता येते. म्हणून सिग्माबरोबर हा पट्टाही छापा, एवढीच माझी मागणी आहे.

हरणाऱ्या सिद्धांताच्या बाजूने इतकं का बोलायचं, असं एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलं. मी जयंत नारळीकरांचं उदाहरण दिलं. १९५५ मध्ये केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीने आकाशातले स्रोत मोजले आणि विश्वाला आरंभ नाही, ते कायम असंच दिसतं, असं सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत कोसळल्याचं जाहीर झालं. मंद स्रोतांची संख्या ज्या उताराने वाढायला हवी होती तो दीडचा, मोजलेला तीनचा. पुढे कळलं की जवळजवळचे मंद स्रोत दुर्बिणीला वेगळे दिसतच नव्हते, ते मिसळून एक मोजले जात होते. ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत उतार कितीतरी सौम्य निघाला. १९६१ मध्ये केंब्रिजचे नवे, सुधारलेले आकडे आले, तेव्हा तो सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रेड हॉयल यांच्या बाजूने उत्तर मांडायला उभे राहिले ते संशोधक विद्यार्थी असलेले नारळीकर. स्थिर स्थिती सिद्धांत अखेर टिकला नाही. १९६५ मध्ये सापडलेल्या पार्श्वभूमी प्रारणाने त्याचा निकाल लावला. पण १९५५ चा पुरावा पुरावा नव्हता, आणि तो तसा नाही हे कळलं ते कुणीतरी आकडे पुन्हा तपासण्याचा हट्ट धरला म्हणून. त्या तपासणीतून अस्पष्ट, मिसळलेल्या स्रोतांचं संख्याशास्त्र जन्माला आलं आणि ते आजही वापरात आहे.

युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली, व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली. त्या दोघींचे निकाल येऊ लागतील तेव्हा म्यू-शून्यची चूक बावीस टक्क्यांवरून बरीच खाली यायला हवी, आणि एफ ऑफ आरसारख्यांची खरी परीक्षा तिथे होईल. त्या बातम्या देताना तुलना कोणत्या पर्यायाशी केली, चूक किती, आणि पाकीट उघडण्याआधी काय काय गोठवलं होतं, एवढ्या तीन ओळींची जागा ठेवावी ही विनंती. मूळ निबंधातून हे आकडे शोधायला आपल्या वार्ताहरांना वेळ नसेल तर मसुदा माझ्याकडे पाठवा. त्याच संध्याकाळी तपासून परत करीन, मानधन नको.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका